सासूबाईंच्या टॅबवर

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, प्रोग्रॅम लिहितात. जेवताना, चालताना, अगदी कपडे वाळत घालतानाही ते मनातल्या मनात तेच लिहीत असतात, असा ताईचा आरोप आहे. म्हणून या वेळी माहेरी येताना तिने त्यांचा लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवायला लावला. चार दिवस माणसांत बसा, म्हणाली. भाऊजी आले आणि खरंच माणसांत बसले, म्हणजे सोफ्यावर, आईच्या आणि माझ्या मधोमध, इंजेक्शनची वाट बघणाऱ्या पेशंटसारखे.

त्याच दिवशी संध्याकाळी चहा चालू असताना त्यांचा फोन टुंग वाजला. मग पुन्हा. मग थांबेचना. आज वाढदिवस आहे की काय, असं मी विचारलंही. भाऊजींनी फोन बघितला आणि हातातला कप बशी सोडून टेबलावर ठेवला.

मेसेज सगळे दुसऱ्यांना जायचे होते. भाऊजींच्या गावातल्या एका डायलिसिस सेंटरचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिलाय. उद्या कुठल्या पेशंटची पाळी किती वाजता, हे तो रोज संध्याकाळी ज्याला त्याला कळवतो. निघायच्या आधी त्यांनी त्यात थोडा बदल केला आणि चाचणीसाठी सगळ्या नंबरांच्या जागी स्वतःचा नंबर घातला. चाचणी झाली, बॅगा भरल्या, नंबर तिथेच राहिला.

त्यात नेमकी दोन मशीन बिघडलेली, त्यामुळे उद्याच्या पाळ्या उलटसुलट झालेल्या. एक आजोबा आहेत, पूर्वीचे ट्रकड्रायव्हर. ते नेहमी दुपारी येतात, उद्या त्यांना पहाटे बोलावलं होतं. मागे त्यांची एक पाळी चुकली तेव्हा धाप लागून त्यांना उचलून आणावं लागलं होतं. ओठांवर आलेला टोमणा मी चहाबरोबर गिळला.

सेंटरमध्ये कुणी फोन उचलेना. तिथल्या सिस्टरचा लागेना. स्वतःच्या फोनवरून दुरुस्ती करायला गेले, तर वरून मेसेज टपकत होते आणि बोट भलतीकडेच पडत होतं. घरात फोनहून मोठं यंत्र एकच, आईचा टॅब. त्यावर तिची मालिका रंगात आली होती. आईने जावयाचं तोंड बघितलं आणि मालिका अर्ध्यात सोडली. हा मान तिने मला आजवर दिलेला नाही.

टॅबवरची अक्षरं आईच्या डोळ्यांच्या मापाची, दुकानाच्या पाटीएवढी. त्यात कीबोर्डाने अर्धी स्क्रीन व्यापलेली. भाऊजी दोन ओळी बघत, वर सरकवत, पुन्हा हरवत. शेवटी त्यांनी अक्षरं बारीक केली आणि एका बोटाने टकटक सुरू केली. ताई चार्जर धरून मागे उभी होती. एरवी तिने बोलून सोललं असतं. आता ती फक्त वायर टॅबपर्यंत पुरवत होती.

भाऊजींचा नंबर निघाला, ज्याचे त्याचे परत आले. भाऊजींनी मेसेज परत पाठवायला लावले. स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं, मग गेलं.

फोन गप्प. मघाशी वाजत होता म्हणून धडकी, आता वाजत नव्हता म्हणून. मेसेज ज्याच्या त्याच्याकडे पोचले होते, की कुठेच गेले नव्हते? भाऊजी दारापर्यंत जात, परत येत, फोन उलटा करून ठेवत, लगेच सुलटा करत. रातोरात गाडी करून आजोबांकडे जायचं का, असं ताईने हळूच विचारलं. त्यांचं घर कुठे, हे भाऊजींना ठाऊक नव्हतं, आणि पेशंटचे नंबर फक्त सेंटरलाच दिसतात.

तेवढ्यात फोन वाजला. सिस्टर. समोरून आवाज एवढा मोठा, की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"पाळ्या तुमचा प्रोग्रॅम कळवतो आणि शिव्या मी खाते. सगळे फोन करकरून मलाच बोलतायत."

"आजोबांचा आला का?"

"सगळ्यात आधी त्यांचाच. ट्रक सोडला तरी पहाटे उठायचं सुटलं नाही, म्हणतात. येतायत."

भाऊजी परत सोफ्यावर येऊन बसले. शिव्या ऐकून कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आईने टॅब ओढून घेतला, नाकाजवळ नेला, मग हात लांब करून बघितला.

"जावईबापू," ती म्हणाली, "माझी अक्षरं परत मोठी कोण करणार?"