नामस्मरण बंद केलं तेव्हा

देव आपलं ऐकतो का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गेल्या जानेवारीतल्या एका सकाळी मात्र पडला, आणि तोही देवावर चिडून. दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरखाली मी गाडीत बसले होते. मागच्या सीटवर हे शाल पांघरून टेकले होते. सातला ह्यांचं डायलिसिस होतं. आधीचं एक तापामुळे चुकलं होतं, त्यामुळे पहाटेपासून श्वास लागत होता. धुक्यामुळे दोन कॅबवाल्यांनी नकार दिला होता, आणि आमची चौदा वर्षांची गाडी काही केल्या सुरू होईना.

गाडी आजवर हेच चालवायचे. मी शिकले ती माहेरी, नानांच्या जुनाट गाडीवर. थंडीत आधी अ‍ॅक्सिलरेटरवर दोन-चार वेळा पाय मारायचा आणि मग चावी फिरवायची, ही नानांची शिकवण. मी इमानेइतबारे तेच करत होते. दिवे चालू, ब्लोअर चालू, आणि चावीबरोबर आपोआप लागणारं दत्तगुरूंचं नामस्मरणही मोठ्या आवाजात चालू. पेट्रोलचा वास सुटला. ह्यांनी मागून हात वर केला. मला वाटलं, घाई करताहेत. मी आणखी जोरात पाय मारला आणि मला रडूच फुटलं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. आमच्या गल्लीत झाडाखाली इस्त्री करणारी बाई होती. एरवी ती नऊशिवाय येत नाही. त्या दिवशी कोळसा उतरवून घ्यायला लवकर आली होती म्हणे. इतकी वर्षं तिच्याकडे कपडे टाकले, पण नाव कधी विचारलं नव्हतं.

“बहनजी, भजन बंद करो. बत्ती-पंखा भी. पैर हटाओ.”

“अरे, पर टाइम नहीं है!”

“थोड़ा दम लेने दो इसे. फिर चाबी आधी घुमाओ और सुनो. हमारे वो टैक्सी चलाते थे, यही करते थे.”

अशा वेळी देवाचं नाव बंद करायचं? हात अडखळला, पण केलं बंद. पाच मिनिटं तिघंही गप्प. मग चावी अर्धी फिरवली. मागच्या सीटखालून बारीक घरघर आली आणि थांबली. चावी अर्धी फिरवली की इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप तो. मी तो कधी ऐकलाच नव्हता. “एक बार और,” ती म्हणाली. पुन्हा घरघर. मग पाय मागे घेऊन चावी पूर्ण फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

“अगं, मी हात वर केला तो थांब म्हणून,” हे हळूच म्हणाले.

आम्ही वेळेत पोचलो. दुपारी परतल्यावर हे स्वतःच्या पायांनी त्या झाडापर्यंत गेले आणि तिचं नाव विचारून आले. कमला. त्या सकाळी तिला कोणी धाडलं, ह्याचा मी काथ्याकूट करत नाही. एवढंच कळलं, की इतकी वर्षं मी देवाशी नुसती बोलत होते; त्याला बोलायला जागाच ठेवली नव्हती.

आता डायलिसिसच्या सकाळी मी गाडीत बसते, पाय मागे घेते आणि चावी अर्धी फिरवते. घरघर थांबेपर्यंत आम्ही दोघंही गप्प असतो. मग हे मागून म्हणतात, “हं, चल आता.”