शिलाई मशीनवरून स्लॅबवर

घर बांधता बांधता वाळू संपते, सिमेंट संपतं, मालकाचा धीर तर पायव्यातच संपतो. किस्से तेवढे उरतात. आमच्या नागपूरच्या ऑफिसात त्यांचा ढीगच पडलाय, कारण आम्हा चौघांपैकी कोणीच या धंद्यासाठी शिकलेलं नाही. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. धोटेभाऊ कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे अडत्ये. कुंताताई रिटायर्ड नर्स. आणि आमचे म्होरके नानाजी म्हणजे उमरेडचे टेलर! ‘तुमच्या मनासारखं घर बांधून देऊ’ असा आमचा बोर्ड आहे. तो मीच रंगवला.

*

रेडिमेड कपड्यांनी नानाजींचं दुकान बुडवलं. रिकामे बसण्यापेक्षा बांधकामावर लक्ष ठेवा, म्हणून भाच्यानं त्यांना आपल्या नव्या घरी नेलं. गळ्यात टेप तशीच होती. स्वयंपाकाचा ओटा बघून त्यांनी मिस्त्रीला विचारलं, “हा कोनाच्या मापाचा हाये?”

मिस्त्री हसला. “ओट्याले कोनाचं माप रायते का गा?”

नानाजींनी भाचसुनेला उभं केलं, कोपरातून हात वाकवायला लावला, टेप धरली आणि म्हणाले, “चार बोटं खाली घे.”

तो ओटा बघायला अख्खी गल्ली आली. तिथून आमचा धंदा सुरू झाला. आजही नानाजी आधी माणसाचं माप घेतात, मग प्लॉटचं. एकदा एका रिटायर्ड साहेबांच्या छातीला त्यांनी टेप गुंडाळली. साहेब गडबडले, “हे कशाला?”

“गॅलरीचा कठडा इथवर येईन. श्वास सोडा, साहेब!”

*

धोटेभाऊंनी पहिल्यांदा विटांचा ट्रक उतरवून घेतला, तेव्हा ड्रायव्हर अर्धा दिवस अडकला. भाऊ एकेक वीट हातात घेत, तोलत, ठोकत, वास घेत आणि बाजूला ठेवत. तीन ढीग झाले. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, “भाऊ, हे काय करून राहिले?”

“हा एक नंबर, हा दोन नंबर,” भाऊ म्हणाले. तिसऱ्या ढिगाकडे त्यांनी हात झटकला. “आन् हा ज्यूसवाल्याले दे!”

*

कुंताताई आमच्याकडे आल्या त्या गिऱ्हाईक म्हणून. त्यांच्या घराचा स्लॅब टाकला आणि दुसऱ्या दिवशी खांबाला एक चार्ट लटकला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पाणी मारलं की मजुरानं सही करायची. चौथ्या दिवशी ताई शिडीवरून वर गेल्या, स्लॅबवर हाताची पालथी बाजू ठेवली आणि वरूनच ओरडल्या, “दुपारचा डोस चुकला! सही कोणी केली?”

सही करणारा पळालाच. त्यांचं घर झालं, पण ताई आमच्याकडेच राहिल्या. आमचा एकही स्लॅब आजवर गळला नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

*

माझं सांगायलाच हवं. पहिल्या बंगल्याचं चित्र मी असं काढलं होतं की मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगणात गुलमोहर, छतावर बसलेली चिमणी, मागे सूर्य. मालक मात्र चष्मा वरखाली करत होते. “सर, वरच्या मजल्यावर जायचं कसं?”

मी जिनाच काढला नव्हता!

धोटेभाऊ म्हणाले, “चिमणी काहाले काढली मंग? तिच्यावर बसाचं आन् जाचं!”

तेव्हापासून नकाशा इंजिनिअर काढतो. झाडं तेवढी माझ्याकडे आहेत.

*

या सगळ्या वर्षांत आम्हाला जेवू घातलं ते नानाजींच्या बायकोनं, शांताकाकूंनी. साइट कुठेही असो, भाकरी, वांग्याची भाजी आणि तिळाची चटणी वेळेवर हजर. नानाजींना मात्र पाण्याचा ग्लासही हातात लागायचा. काकूंचं आयुष्य भाड्याच्या घरात, उंच ओट्यांपुढे गेलं. त्यात उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी हात वर करायला मनाई केली, तरी डबा बंद झाला नाही.

“अजी, लोकायच्या ओट्याचं माप घेऊन राहिले, माह्या ओट्याचं कधी घ्यान?” काकू दर दिवाळीला विचारायच्या. नानाजी टेप गुंडाळत म्हणायचे, “होईन वं.”

शेवटी उमरेड रोडला त्यांचं स्वतःचं घर झालं. नानाजींनी स्वयंपाकघरात आम्हालाही फिरकू दिलं नव्हतं. वास्तुपूजा आटोपली आणि दूध उतू घालायला काकू नव्या ओट्यापुढे उभ्या राहिल्या.

ओटा भाड्याच्या घरातल्यापेक्षाही उंच होता.

पातेलं ठेवताना काकूंचा खांदा कळवळला. त्यांनी पातेलं खाली घेतलं. “साऱ्या गावाचं माप घेतलं,” त्या हळूच म्हणाल्या, “माह्यंच राहून गेलं.”

खरं सांगतो, मला नानाजींचा राग आला. कुंताताई तर त्यांच्याकडे बघेनात. धोटेभाऊ म्हणाले, “नानाजी, उद्याच फोडू. विटा मी निवडतो.”

“फोडता काहून?” नानाजी म्हणाले. “माप बरोबर हाये.”

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या, ओट्यापुढे उभे राहिले आणि कोपरातून हात वाकवला. ओटा अगदी मापात होता.

“माह्यं घेतलं,” ते म्हणाले.

नानाजींनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि तिसऱ्या काडीला गॅस पेटवला. दूध उतू गेलं, त्यांनी ते फडक्यानं पुसलं आणि दुसऱ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं.

काकू खुर्ची ओढून तिच्यावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, “साखर कोनत्या डब्यात हाये, हे तरी माहीत हाये का?”