बी बघायला येणारा हात

जुन्या लुगड्याच्या ओल्या फडक्याचा वास आला, की मला संगमनेरजवळच्या सासरची माझी पहिली थंडी आठवते. मला ताप भरला होता, आणि एरवी कामापुरतंच बोलणाऱ्या सासूबाई चुलीमागे मोड यायला ठेवलेली मिरचीच्या बियांची पुरचुंडी घेऊन आल्या. "अंग लई तापलंय तुजं, ऊब कशाला वाया घालायची?" म्हणत त्यांनी ती माझ्या पोटाशी सरकवली. मला रडूच आलं. मग वाकळेखाली दिवस नुसते तरंगत गेले. चुलीचा धूर, कवडशातली धूळ, लांब उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, आणि मधूनच "बी बगते गं" म्हणत येणारा, आधी कपाळावर टेकणारा गार हात. ताप उतरल्यावर पुरचुंडी मीच सोडली. मोड केव्हाच येऊन गेले होते. पांढरी मुळं वाढून फडक्यात पार गुंतली होती. एक बी वाया जाऊ न देणारी ती बाई इतके दिवस बी बघतच नव्हती. आता त्या अंथरुणावरच असतात. रोपं नर्सरीतून येतात, तरी थंडीत मी त्यांच्या कुशीत एक पुरचुंडी ठेवते. "बी बघते हं," म्हणत कपाळाला हात लावते, आणि त्या डोळे मिटूनच हसतात.