एक मेंढी जास्त

भेवमामींच्या घरी गेलं की आधी पाणी मिळायचं, मग चहा, आणि कप ओठांना टेकला की मामी हळूच विचारायच्या, "येताना तुझ्या मागनं कुणी आलं न्हाई न्हवं?" बस्स! चहा शर्टावर. मामी पदर तोंडाला लावून खुदुखुदू हसायच्या आणि दुसरा कप आणायला सुनेला हाक मारायच्या. मी पन्नाशीला आलोय, पोट सुटलंय, चष्मा लागलाय; पण राहू गावातल्या त्या घरातून निघताना मागं वळून बघितल्याशिवाय मी आजवर मोटारसायकलला किक मारलेली नाही.

मामींच्या सासरची माणसं मेंढरांमागं फिरणारी. अर्धं आयुष्य रानोमाळ गेल्यावर नदीकाठी जमीन झाली, ऊस झाला, पत्र्याचं घर झालं. मेंढरं गेली आणि गोष्टी राहिल्या. दिवस मावळायला लागला की मामी ओट्यावर बसायच्या आणि गल्लीतली पोरं गोळा करून त्यांना मनापासून घाबरवायच्या, म्हणून सगळ्यांच्या त्या भेवमामी. पोरांच्या आया भांडायला यायच्या. "मामी, पोरगं अंथरूण वलं करतंय तुमच्या गोष्टीपायी!"

"करू दे की. अंथरूण धुता येतं. भ्यालेलं पोरगं उसात जात न्हाई, बाई."

आमच्याकडं बिबट्याची पिल्लं उसातच जन्मतात आणि उसातच मोठी होतात. हल्ली खुरपायला जाणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून जातात. मामींकडंही तो होता. कपाळावर कुंकू, गळ्यात मणी आणि मण्यांवर चार बोटं लांबीचे खिळे. असं ध्यान खुरपं हातात घेऊन समोरून आलं, तर बिबट्याच काय, मीसुद्धा बांध सोडून पळेन.

मामींचा एक कायदा होता. गोष्ट ऐकणाऱ्यानं दर वाक्याला 'हं' म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. "हं न्हाई म्हणलास, तर मला कसं कळावं तू हायस का तुला न्हेलं?" असं त्या विचारायच्या, आणि 'कुणी न्हेलं?' हे विचारायची आमची छाती नव्हती.

त्यांची सगळ्यांत जबरी गोष्ट एका मेंढीची. एक बाई माळावर एकटी असते. धनी बाजाराला गेलेला. दिवस मावळताना ती मेंढरं जाळीच्या आत घेते आणि मोजते, तर एक मेंढी जास्त. पुन्हा मोजते. एक जास्तच. आता मेंढरामागची बाई प्रत्येक मेंढी तोंडानं ओळखते. म्हणून ती एकेकीची हनुवटी धरून, तोंड वर करून बघत जाते. ही आपली, ही आपली, हीसुद्धा आपलीच. शेवटी कोपऱ्यात एकच उरते. मान खाली घातलेली. बाई तिच्या हनुवटीखाली हात घालते...

थांबा. पुढचं सांगतो.

मी पाटसला साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. पण रविवारी पुण्यात जाऊन कथा सांगतो. तिकडं आता त्याचं मोठं फॅड आलंय. कॅफेच्या माडीवर, नाहीतर एखाद्या हॉलमध्ये तरुण पोरं-पोरी तिकीट काढून गाद्यांवर बसतात आणि कुणीतरी गोष्ट सांगतं. मी जे सांगायचो ते सगळं मामींचं. एकदा ते मी कबूल केलं, तर म्हणाल्या, "माझी भुतं यष्टीत घालून पुण्याला न्हेतोस व्हय? तिकीट काढतोस का त्येंचं?"

मग म्हटलं, मामींनाच नेऊ. माझी फुशारकी, दुसरं काय! मामींची सून सुरेखावहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, आत्या हल्ली बोलता बोलता मधीच थांबत्यात. कुठं हाय, काय सांगत हुत्या, सगळं जातं. हुंकार दिला की येतं ध्यानात. तेवढा हुंकार सोडू नगा."

"अहो वहिनी, पहिल्या रांगेत बसतो की," मी म्हणालो.

रविवारी संध्याकाळी सहाला हॉल गच्च. मामी खिळ्यांचा पट्टा पिशवीत घालून आल्या होत्या. तो बघून आयोजक पोरगी रेवा हरखली. "आजी, हा घालूनच बसा ना स्टेजवर!"

"हितं बिबट्या हाय का?"

"नाही हो, आजी."

"मंग कशाला घालू?"

रेवानं सगळ्यांना मोबाईल बंद करायला लावले, पूर्ण शांतता ठेवायला सांगितलं आणि दिवे मालवले. उरला एक झोत, त्यात मामी. त्यांनी माळ उभा केला, बाई उभी केली. मी पहिल्या रांगेतून "हं" म्हणत होतो. चौथ्या 'हं'ला मागून खांद्यावर बोट टेकलं. "काका, प्लीज." पाचव्याला चार जणांनी "शूऽऽ" केलं. रेवानं भिंतीकडून माझ्याकडं असं बघितलं, जणू मी घोरत होतो.

आणि मी लाजलो. चांगल्या लोकांत शोभेल असं गप्प बसलो.

मामी एकेका मेंढीची हनुवटी उचलत कोपऱ्यापर्यंत आल्या. बाईनं हात घातला. मामींचा हातही हवेत पुढं झाला, आणि तिथंच राहिला. सगळा हॉल श्वास रोखून बसला होता. मामींनी हाताकडं बघितलं, हा कुणाचा आहे असं. मग समोरच्या अंधाराकडं बघितलं.

"कोण हाय तिकडं?"

एक पोरगी किंचाळली. शेजारची तिला बिलगली. दीडशे माणसं आनंदानं थरथरत होती, आणि दीडशेत मला एकट्याला कळत होतं की हे नाटक नाही.

"कोण हाय? बोलत का न्हाई कुणी? मला कुठं आणलंय?"

मी मोठ्यानं "हं!" म्हणालो. पण उशीर झाला होता. मामी आवाजाच्या दिशेनं बघून मागं सरकल्या. म्हटलं, आपणच उठून गोष्ट पुरी करावी. उठलो, तोंड उघडलं. मला पुढचं येतच नव्हतं! त्या हनुवटीपाशी आलं की लहानपणी मी कानात बोटं घालायचो, आणि पुण्यात सांगताना तिथंच थांबून टाळ्या घ्यायचो. शेवट मी कधी ऐकलाच नव्हता.

स्टेजवर गेलो. "मामी, चला घरी."

"तू कोण रं बाबा?" मामींनी विचारलं.

रेवानं तेवढ्यात दिवा मालवला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले होते. अंधारात मामींचा हात माझ्या हातात होता, थंडगार, आणि दर टाळीला दचकत होता. मामींना खाली रिक्षात बसवत होतो, तर रेवा धावत आली. "काका, तो पॉज! पुढच्या महिन्यात पुन्हा आणाल ना त्यांना?" मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही.

त्यानंतर शेवट शोधायचा मी ध्यास घेतला. वहिनी म्हणाली, "मी कवा ऐकली पुरी? मी चुलीपाशी." गल्लीतली मोठी झालेली पोरं ओशाळून हसली, सगळी माझ्यासारखीच पळपुटी. मग मी शेवट रचून मामींकडं न्यायला लागलो. पहिल्यांदा मेंढीच्या जागी बिबट्या बसवला. मामी खाटेवरून म्हणाल्या, "न्हाई. असं न्हवतं." पुढच्या खेपेला त्या बाईची मेलेली जाऊ निघाली. "न्हाई." एकदा मेंढीला त्या बाईचंच तोंड दिलं, सांगताना माझ्याच अंगावर काटा आला. मामींनी बराच वेळ विचार केला. "जवळ आलास. पर न्हाई." कसं होतं ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण कसं नव्हतं ते पक्कं ठाऊक होतं. त्या 'न्हाई'ला मी जीव लावून बसलो होतो. आता त्या 'न्हाई'पुरत्याच मामी शिल्लक होत्या.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा रचायला काही सुचलं नव्हतं. रिकाम्या हातानं काय बसायचं, म्हणून आपलं काहीतरी सांगितलं. म्हटलं, मामी, ती शेजारच्या कळपातली चुकलेली मेंढी निघाली. सकाळी बाईनं नेऊन दिली, त्यांनी चहा पाजला.

इतका मिळमिळीत शेवट! एके काळी यापायी मामींनी मला ओट्यावरून ढकलून दिलं असतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"व्हय," मामी म्हणाल्या. "असंच हुतं."

"मामी, नीट आठवा. असं नव्हतं."

"असंच हुतं की रं." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. "चुकलेली मेंढी. उगाच भेत बसलो आपुन इतकी वर्सं."

आणि त्या भिंतीकडं तोंड करून सुखानं झोपल्या. बाहेर ऊन होतं, गल्लीत पोरं खेळत होती, आणि मला त्या खाटेपासून उठायची हिंमत होत नव्हती.