दहाव्याचा कॉल

वडील इस्त्रीवाले. पत्र्याच्या टपरीत दिवसभर कोळशाची इस्त्री फिरवायचे आणि आई घरोघरून कपड्यांची गाठोडी आणायची. शाळेत माझ्या अंगावर कायम दुसऱ्यांच्या मुलींचे जुने फ्रॉक, पण इस्त्री कडक. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही ताठ मानेने सांगते. पुढचं मात्र मान खाली घालून.

वडील वारले तेव्हा मी इंग्लंडमध्ये, रीडिंग शहरात नोकरीत नवी होते. अंत्यविधीला गेले नाही. व्हिसाचं कारण सांगितलं. खरं तर प्रोबेशन होतं आणि नोकरी जाईल म्हणून मी घाबरले. दहाव्याला धाकट्या काकांनी घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. आई घरी होती. पिंडाला कावळा शिवेना.

"अगं बोल काहीतरी," काका फोन पिंडापुढे धरून म्हणाले. "आईला सांभाळीन म्हण. दादाचा जीव तुझ्यात अडकलाय."

मी ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये. काचेपलीकडून मॅनेजर बघत होता. त्याच्या देखत मराठीत, मेलेल्या बापाशी मोठ्याने बोलायची मला लाज वाटली. मी कॉल कापला. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. "नेट गेलं होतं," मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

यंदा आई सहा महिन्यांसाठी इकडे आली आहे. लायब्ररीतल्या आमच्या वाचनगटात एक आजच्या काळातली जपानी कादंबरी होती. त्यातली विधवा रोज सकाळी नवऱ्याच्या फोटोपुढे भात ठेवून त्याच्याशी गप्पा मारते. शहरातून आलेली तिची मुलगी त्या फोटोकडे बघायचं टाळते. दुःखावर, कुटुंबावर, प्रेमावर मी असं काही बोलले की एका बाईंनी डोळे टिपले. मी खूश. आई कोपऱ्यात कोट घालून बसून होती.

परतताना बसमध्ये तिने विचारलं, "काय सांगितलंस गं, ती गोरी रडली ते?"

मी गोष्ट सांगितली.

"भात गरम ठेवते ना? मग बरी आहे बाई." मग म्हणाली, "आणि ती पोरगी का बघत नाही? काय करून बसलीय?"

याच प्रश्नावर मी गटात दहा मिनिटं इंग्रजी झाडलं होतं. आता तोंडातून एवढंच निघालं, "आई, नेट गेलं नव्हतं. मी कॉल कापला होता."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं.

"त्यालाच फोन धड धरता आला नाही असं समजून मी तुझ्या काकाला नाही नाही ते बोलले. चार वर्षं त्याच्याशी अबोला आहे माझा."

मला हे माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी पोचल्यावर तिने कोटही काढला नाही. "लाव त्याला फोन. आणि तूच सांग."

मी काकांना सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी आहे का तिथं? दे."

आई माझ्याशी अजून तुटकच बोलते. काकांशी मात्र आता रोज बोलते.