पाहुणे येतात तेव्हा

मी घर सोडलं ते विमानतळावरून नाही, बदलापूर गावातल्या आमच्या दारातून. थोरल्या ताईला बघायला पाहुणे यायचे होते. आईने माझ्या अधू पायाच्या कॅलिपरचे पट्टे आवळले, हातात डबा दिला आणि रिक्षात बसवलं. "पावणे जाईपर्यंत मावशीकडं रव. उगा कुनाच्या नजरंस पडायला नको," म्हणाली. एका बहिणीचा पाय असा, तर दुसरीची पोरं कशी निघतील, अशी शंका पाहुण्यांना येऊ नये म्हणून.

मावशी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये राहायची आणि घरी बसून जीन्सना बटणं लावायची. ताईचं बघणं लांबत गेलं. दर वेळी माझी रवानगी तिकडे. शेवटी माझी कपड्यांची पिशवी तिथेच राहिली, आणि मीही. ताईच्या लग्नाला बोलावलं, तेव्हा आई कानात म्हणाली, "पाय साडीत झाकून बस." माझ्या आईला दुष्ट समजू नका. माझ्या त्या पायाला तिने जितकं तेल चोळलं, तितकं स्वतःच्या डोक्यालाही कधी लावलं नसेल.

मग शिकले आणि बर्मिंगहॅमला अकाउंट्सची नोकरी धरली. पहिल्याच दिवशी एचआरच्या बाईंनी विचारलं, तुला काय सोय लागेल? "नथिंग, आय कॅन मॅनेज," मी घाईघाईने म्हटलं, आणि आठवडाभर कठड्याला लोंबकळत वरच्या मजल्यावर चढत राहिले. एकदा मी जिन्यातच बसून घाम पुसत असताना बाईंनी मला पाहिलं. त्या रागावल्याच. म्हणाल्या, सोय करून देणं आमच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, तू लपवलंस तर आम्हाला कळणार कसं? दुसऱ्या दिवशी माझं टेबल खाली आलं.

घरी जाताना बसमध्ये फोनवर शोधलं. आपल्याकडेही कायदा आहे. अपंगत्वामुळे माणसाला बाजूला सारणं हा भेदभाव, आणि वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच. वाचून आनंद व्हायला हवा होता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे हक्काचं होतं, ते मी जन्मभर उपकार समजून नको नको म्हणत आले होते. तुमच्यापैकी जे घर सोडून बाहेर पडले, त्यांना हे कळेल.

आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. ती हसली. "कायदा कोर्टात गं. पावण्यांपुढं कसला कायदा?"

गेल्या हिवाळ्यात घरी गेले. आता दादाचा बदलापुरातच, हेंद्रेपाड्यात फ्लॅट आहे, लिफ्टही आहे. पक्षाघात झाल्यापासून आई व्हीलचेअरवर असते, उजवा हात लुळा पडलाय. त्या दिवशी दादाच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. पोह्यांचा वास सुटला होता. बेल वाजली आणि आईने माझी बाही धरली.

"मला आतल्या खोलीत ने. पावण्यांना दिसायला नको."

क्षणभर मला बरं वाटलं. कळलं ना आता, असं मनात येऊन गेलं. मग दिसलं, ती डाव्या हाताने उजव्या हातावर पदर ओढत होती, मला पाय झाकायला शिकवलं होतं तसाच. माझी मलाच किळस आली.

दादाने खुर्चीचे दांडे धरलेच होते. "सुमे, तासाभराचा प्रश्न हाय. पोरीचं लग्न हाय."

ज्या पोरीचं लग्न, ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. "आजी इथंच बसंल," ती म्हणाली.

मी चाकाचा ब्रेक लावला आणि आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. कायद्याचं एक अक्षरही बोलले नाही. पाहुणे आले. मुलाच्या आईने माझा पाय पाहिला, माझ्या आईचा हात पाहिला, आणि चहा घेतला.

त्यांचा फोन काही आला नाही. दादा माझ्याशी मोजकंच बोलतो. भाची मात्र अधूनमधून आजीचे फोटो पाठवते.

इथे बर्मिंगहॅमला कुणी विचारलं, तर घर बदलापूरला आहे असंच मी सांगते. त्या घरात पाहुण्यांसमोर मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. ते जाईपर्यंत आई मान खाली घालून बसली होती. तिला मान वर कर म्हणावंसं वाटत होतं, पण माझीही खालीच होती.