हलकी कडी

संकेश्वरला नोकरीला होतो तेव्हा हिरण्यकेशीच्या काठावर एक म्हातारा रोज संध्याकाळी दिसायचा. पलटणीतून रिटायर होऊन आलेला. तो मुलीसाठी मासे धरायची काठी बनवत होता. रिळाची दोरी ज्यांतून ओवतात त्या कड्या तो दोऱ्यानं काठीला बांधायचा, काठी हलवून बघायचा आणि शेंडा जड वाटला की पुन्हा सोडायचा.

"मामा, एवढी हलकी कशाला?" मी एकदा विचारलं.

"पोरगी सासरी तापानं पडलीती. हातातलं बळच गेलं बघा. ल्हानपणी माझ्यापरीस लांब गळ टाकायची."

एके दिवशी तो तिला धरून घेऊन आला. काठी तिच्या हातात दिली. शेंडा थरथरला, हळूहळू खाली आला आणि पाण्याला टेकला. तिची बोटं काठीभोवती मिटतच नव्हती.

"ऱ्हाऊ द्या आप्पा," ती म्हणाली.

"कडी जड हाय गं. बदलतो."

त्यानं शेंड्याची कडी सोडली आणि डबी उघडली. आत उरलेल्या सगळ्या कड्या त्याहून मोठ्या होत्या, हे मलाही दिसत होतं. तिनं तोंड फिरवलं. तो मात्र अंधार पडेपर्यंत डबीत बोट फिरवत राहिला.